रेडियमच्या पट्ट्या उतरवताना: रंग न दुखावता केलेल्या कामाच्या नोंदी

गाडी २०१२ ची हॅचबॅक, गडद निळा मेटॅलिक रंग. दोन्ही बाजूंना हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत विनाइल (प्लास्टिक) स्टिकरची चंदेरी जोडपट्टी: वरची ६ मिमी, खालची ३ मिमी. बॉनेटवर दोन पट्ट्या आणि डिकीवर क्रोम फिनिशची एक. सगळ्या बाहेरून, रेडियमवाल्याकडून बसवलेल्या, दहाएक वर्षांच्या जुन्या. कामाची जागा सोसायटीचं पार्किंग. वर स्लॅब असल्याने सावली आहे, जवळ प्लग पॉइंट आहे. पाइप लावून गाडी धुवायला मनाई आहे, त्यामुळे पाणी बादलीचंच.

शनिवार, ४ जानेवारी

आज पट्टीला हात लावला नाही, नुसती तपासणी केली.

आधी पट्टीच्या कडेवरून नख आडवं फिरवलं. नख अडलं, म्हणजे पट्टी रंगाच्या वर चिकटवलेली आहे. नख न अडता सरकलं असतं, तर काम तिथेच थांबलं असतं. काही गाड्यांवर रेघ रंगवलेली असते, तर काहींवर स्टिकरवरून क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारलेला असतो. ती सोलून निघत नाही, त्यासाठी पॅनेल रंगवावंच लागतं.

मग रंगाची जाडी. ऑनलाइन मिळणारं साधं मीटर पुरतं. बॉनेट, फेंडर आणि उजवी दोन्ही दारं १०० ते १२० मायक्रॉनच्या दरम्यान, म्हणजे रंग कंपनीचा. डावं मागचं दार मात्र २८० च्या आसपास आणि हँडलच्या खाली थेट ६०० च्या वर. तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून दार पुन्हा रंगवलंय. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाही, आकडा येत नाही म्हणून मीटर बिघडलं असं समजू नका.

मीटर नसेल तर दार उघडून चौकटीची रबर बीडिंग थोडी उचला. रंगाची पायरी दिसली किंवा बीडिंगवर स्प्रेचे कण दिसले, तर दार रंगवलेलं आहे. फ्रिजचं चुंबक फडक्यावरून फिरवलं की जिथे ते सैल धरतं तिथे खाली लांबी असते.

रंगवलेल्या दाराची आणखी एक परीक्षा केली. दाराच्या आतल्या कडेला, बंद केल्यावर दिसणार नाही अशा जागी पांढऱ्या फडक्यावर थिनरचा एक थेंब घेऊन दहा सेकंद धरला. वरचा थर चिकट झाला आणि फडक्यावर निळी झाक आली. नीट वाळलेला टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारलेला) असा विरघळत नाही. या दाराला हीट गन, थिनर आणि रबरी चाक (ड्रिलला लावून पट्टी घासून काढायचं), तिन्ही वर्ज्य. हे दार सगळ्यात शेवटी घ्यायचं ठरलं.

पट्ट्यांची अवस्था: बाजूच्या लवचिक आहेत. बॉनेटवरच्या मात्र आडव्या-उभ्या तडकल्यात, टोक उचलायला गेलं की कपचा उडतो.

रविवार, ५ जानेवारी

दोन बादल्यांनी धुलाई, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी. पट्टीच्या कडेला काळी रेघ साचलेली असते. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि प्लास्टिक ब्लेडखाली आली की ओरखडे काढते. जुन्या मऊ टूथब्रशने पूर्ण लांबी घासली. पाणी बोअरचं असेल तर पॅनेल लगेच पुसून घ्या, जड पाण्याचे पांढरे डाग गडद रंगावर लगेच बसतात.

मग उजव्या मागच्या दारावर तापमानाची चाचणी. या कामात सगळ्यात उपयोगी ठरलं ते इन्फ्रारेड थर्मामीटर, हीट गन नव्हे.

सकाळी आठला पत्रा १६ अंशांवर होता. पट्टी ओढली की एक-दोन सेंटिमीटरला तुटत होती. दुपारी गाडी उन्हात काढल्यावर पत्रा ४४ वर गेला आणि हातभर लांब तुकडे निघाले, पण मध्येच तुटायचे. हेअर ड्रायरने ५५ ते ६० पर्यंत नेलं, तेव्हा दाराच्या रुंदीची पट्टी अखंड आली आणि बहुतेक चिकटा पट्टीबरोबरच निघाला. मुद्दाम ७० च्या वर नेऊन पाहिलं. पट्टी अलगद सुटली, पण चिकटा पाकासारख्या तारा धरू लागला आणि निम्मा रंगावरच राहिला.

म्हणजे गार पत्र्यावर विनाइल तुटतं आणि फार तापल्यावर चिकटा मधूनच फाटतो. जास्त तापवलं तर जास्त सोपं, हा समज चुकीचा आहे. तारा दिसल्या की ड्रायर बाजूला ठेवून अर्धा मिनिट थांबायचं.

क्रोम किंवा आरशासारख्या पट्टीवर थर्मामीटर रोखू नका. चकचकीत धातूचं तापमान तो खूप कमी दाखवतो, आणि आपण तापवतच राहतो. शेजारच्या रंगावर रोखून आकडा घ्यायचा.

शनिवार, ११ जानेवारी

उजवी बाजू पूर्ण, फेंडरपासून मागच्या बंपरच्या कोपऱ्यापर्यंत.

१,८०० वॉटचा घरगुती ड्रायर, पत्र्यापासून चार बोटं अंतरावर. एका वेळी फूटभर भाग, ड्रायर सतत हलता. टोक उचलायला धातूचं काही वापरलं नाही. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा तिरका कापून घेतला आणि तो पट्टीखाली सारला. सेंटिमीटरभर सुटलं की बोटांनी धरायचं, मागे दुमडायचं आणि पॅनेलला जवळजवळ टेकवून ओढायचं. पट्टी अंगाकडे सरळ बाहेर ओढली की सगळा जोर एका रेघेवर येतो. विनाइल तिथे तुटतं, आणि रंग कच्चा असला तर तोही उचलला जातो. ड्रायर पट्टी सुटत असलेल्या रेघेच्या किंचित पुढे धरायचा. दोन हात कमी पडतात. कुणीतरी ड्रायर धरायला मिळालं तर वेळ निम्मा होतो.

६ मिमीची पट्टी बरी. ३ मिमीची त्रास देते, कारण ती अरुंद असल्याने कमी जोरात तुटते. दोन्ही एकदम ओढू नका. आधी खालची बारीक काढली, म्हणजे मोठीच्या कडेखाली कार्ड घालायला जागा मिळाली.

बंपरच्या कोपऱ्यावर ५० च्या आतच ठेवलं. प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, एकाच जागी साठवतं, त्यामुळे पत्र्याच्या मानाने फार लवकर तापतं. टेललाइटच्या काचेवर आणि रबर बीडिंगवर ओलं फडकं टाकलं होतं.

हीट गनही होती, वापरली नाही. कमी सेटिंगवरही तिच्या तोंडाशी शेकडो अंशांची हवा असते. ३ मिमीच्या पट्टीसाठी तिची गरजच नाही.

पट्टी निघाल्यावर जे दिसलं ते त्रासदायक आहे. पुढचं दार आणि फेंडरच्या फटीपाशी, दोन दारांच्या मध्ये आणि पेट्रोलच्या झाकणाभोवती केसाएवढ्या बारीक उभ्या रेघा आहेत. पट्टी अखंड चिकटवून मग गाडीवरच कटरने कापली, त्या वेळी पातं रंगात उतरलेलं. बहुतेक क्लिअरमध्येच आहेत, नख जेमतेम लागतं. पेट्रोलच्या झाकणाजवळची एक मात्र खोल आहे आणि तिच्या तळाला तपकिरी ठिपका आहे. दहा वर्षं पट्टीखाली पाणी मुरत होतं. पट्टी काढायची की नाही या विचारात असाल, तर हे एक कारण काढण्याच्या बाजूचं आहे.

आणि कुणी नवी पट्टी बसवत असेल तर सांगायचं, की पट्टी फटीपाशी दुमडून कात्रीने काप, गाडीवर कटर चालवू नकोस.

रविवार, १२ जानेवारी

बॉनेट. आजचा दिवस पट्टीने घेतला.

उभ्या पॅनेलवरची आणि आडव्या पॅनेलवरची पट्टी एकाच रिळातली असली, तरी दहा वर्षांनी त्या दोन वेगळ्या वस्तू असतात. बॉनेटवर ऊन थेट पडतं, खालून इंजिन तापतं. विनाइल मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर हळूहळू निघून जातो आणि मागे कडक, भुरभुरीत थर उरतो. तो तापवला तरी मऊ होत नाही.

ड्रायरने ६० पर्यंत नेऊन कार्ड लावलं. नखाएवढे तुकडे निघाले. प्लास्टिक ब्लेड लावलं, ते जरा बरं चाललं, पण वीतभर लांबीत ब्लेडची धार गोल होते. पाच-सहा ब्लेडं गेली आणि एका पट्टीचा पाव भागही झाला नव्हता. पट्टीवर ओला टॉवेल आणि वर गरम पाणी टाकून पाहिलं, फरक शून्य. विनाइलवरून टर्पेंटाइन ओतणं फुकट आहे, कारण ते विनाइलच्या आरपार जात नाही. फक्त तडांमधून थोडं खाली उतरतं.

स्टीलचं पातं मोहात पाडतं. एका सपाट धारेने पट्टी खरवडून निघते हे खरं, पण बॉनेट कुठेही पूर्ण सपाट नसतो. पात्याचा कोपरा टेकला की चरा पडतो, आणि तो पॉलिशने जात नाही.

इथे रबराचं चाक लागणार. बाकी काम तिथेच थांबवलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पुण्यातल्या रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला सामान घेतलं: ड्रिलला लावायचं रबरी चाक, टर्पेंटाइन, प्लास्टिक ब्लेडचं पाकीट. चाक घेताना त्यावर छापलेली कमाल गती बघा. आमच्या चाकावर मिनिटाला ४,००० फेरे लिहिलंय. घरगुती ड्रिल २,८०० च्या आसपास जातं, ते चालतं. अँगल ग्राइंडर ११,००० वर फिरतो. त्यावर हे चाक फुटतं आणि फुटण्याआधी रंग जाळतं. दुकानदाराने “ग्राइंडरला पण बसतंय की साहेब” असं सांगितलं. बसतं, हे खरं आहे.

बुधवार, १५ जानेवारी (संध्याकाळी)

बॉनेटचं उरलेलं, चाकाने.

वायपरखालच्या जाळीवर आणि हेडलाइटवर वर्तमानपत्र चिकटवलं. चाकाचा चुरा जाळीत गेला की एसीच्या हवेतून येत राहतो. डोळ्याला चष्मा.

ड्रिल साधारण निम्म्या गतीवर. चाक पट्टीवर हलकं टेकवायचं, ड्रिलच्या स्वतःच्या वजनाहून जास्त जोर नाही. एका जागी दोन-तीन सेकंद, मग पुढे. चाकाची फिरण्याची दिशा अशी ठेवायची की ते पट्टीच्या कडेवरून बाहेर उतरेल. उलट दिशेने आलं तर कडेत अडकून उसळी मारतं.

काय चाललंय ते चुऱ्यावरून कळतं. आधी चंदेरी भुकटी उडते. मग चिकटा आणि रबर मिळून राखाडी, बारीक वळ्या पडतात. चिकटा संपला की वळ्या थांबतात, घरघर जाऊन चिरचिर आवाज येतो आणि चाक रंगावर घसरायला लागतं. त्या क्षणी उचलायचं. आवाज बदलल्यावरही चालू ठेवलं की मग फक्त क्लिअर तापतो. दर वीतभर अंतराला पत्र्याला तळहात लावून पाहिला. हात ठेवणं नकोसं वाटलं तर थांबायचं.

बॉनेटच्या उठावदार कडांवर चाक नेलं नाही. कडेवर रंग नेहमीच पातळ असतो. तिथला बोटभर भाग टर्पेंटाइन आणि ब्लेडने, सावकाश.

चाकाने गेलेल्या भागावर धुरकट पट्टा राहतो. तो चिकटा नाही, रबराने आलेला बारीक मंदपणा आहे, पॉलिशला निघतो. काळ्या-निळ्या गाडीवर बघून घाबरायला होतं एवढंच.

शनिवार, १८ जानेवारी

चिकटा. पट्ट्या काढायला गेला त्याहून जास्त वेळ इथे गेला, आणि रंगाचं नुकसान व्हायचं तेही इथेच होतं.

आधी जे वापरलं नाही त्याबद्दल. एनसी थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर: दोन्ही चिकट्याइतकेच रंगालाही लागू पडतात, प्लास्टिकला तर नक्की. पेट्रोल: प्रत्येक पार्किंगमध्ये कुणीतरी “पेट्रोल लाव, दोन मिनिटांत जातं” म्हणतंच. चिकटा फुगायच्या आधी ते उडून जातं, म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, बंद पार्किंगमध्ये जमिनीलगत साठते. शेजारी ड्रिल असेल तर त्याच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या पडतच असतात. टर्पेंटाइनही ज्वलनशील आहेच, म्हणून आज ड्रायर आणि ड्रिल दोन्ही घरी.

उजव्या पुढच्या दारावर तीन तुकडे पाडून तुलना केली.

आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए): जुन्या चिकट्यावर जवळजवळ काही नाही, फक्त पातळ होऊन पसरला. शेवटच्या पुसण्यासाठी मात्र हेच.

निलगिरीचं तेल: चांगलं चालतं, एक-दोन मिनिटांत चिकटा सुटतो. पण लहान बाटली फूटभरात संपते आणि वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. अडचणीच्या कोपऱ्यांसाठी ठेवलं.

टर्पेंटाइन: सावकाश पण भरवशाचं. नुसतं लावून घासलं तर चिकटा पातळ होऊन दुप्पट जागेवर पसरतो. फडक्याची अरुंद पट्टी भिजवून चिकट्यावर लावायची, वर स्वयंपाकघरातली पारदर्शक क्लिंग फिल्म दाबायची आणि सात-आठ मिनिटं हात लावायचा नाही. फिल्म काढल्यावर चिकटा फुगून पांढुरका, लगदा झालेला दिसतो. तेव्हा प्लास्टिक ब्लेड जवळजवळ आडवं धरून ढकलायचं, तो गुंडाळी होऊन निघतो. उरलेला फडक्याने एकाच दिशेला, प्रत्येक वेळी फडक्याची कोरी बाजू. लगदा पिवळसर आणि रबरासारखा ताणला जात असेल तर अजून मुरलेलं नाही, पुन्हा पाच मिनिटं.

उन्हात हे जमत नाही. पत्रा गरम असला की टर्पेंटाइन फिल्मखालीही वाळतं. ओढायचं काम दुपारी, चिकट्याचं काम सकाळी.

प्रत्येक पॅनेल झालं की लगेच शाम्पूच्या पाण्याने धुतलं. तेलकट थर ठेवून पुढे गेलात तर त्यावर धूळ बसते आणि पुढच्या पुसण्यात तीच घासली जाते.

रविवार, १९ जानेवारी

डावी बाजू, मागचं दार सोडून. ११ तारखेचीच पद्धत, उजव्या बाजूपेक्षा बरीच लवकर झाली. नोंदवण्यासारखं काही नाही.

मग ते दार. ड्रायर कमी सेटिंगवर, पत्रा ४५ च्या वर जाऊ दिला नाही. दोन-दोन सेंटिमीटर. मागच्या कडेपासून हँडलपर्यंत पट्टी नीट आली. हँडलच्या खाली, लांबी जिथे जाड आहे तिथे, पट्टीबरोबर ५ मिमीचा रंगाचा पोपडा उचलला गेला.

अशा वेळी ओढणं थांबवायचं, पट्टी सोडायचीही नाही. पोपड्याच्या अलीकडे लहान कात्रीने पट्टी कापली, पोपड्यावरचा तुकडा तसाच ठेवला. मग पट्टीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करून उलट दिशेने त्या तुकड्यापर्यंत आलो. या दिशेने ओढताना पोपड्याची सुटलेली कड पत्र्याकडे दाबली जाते, आणखी फाटत नाही. शेवटचा तुकडा तापवलाच नाही. कडेने टर्पेंटाइनचे थेंब सोडत चिकटा मऊ केला आणि तुकडा सरकवून काढला. पोपडा जागेवर राहिला, कड मात्र दिसते. खाली लांबी राखाडी दिसतेय, पत्रा उघडा नाही. पण लांबी ओल शोषते, त्यामुळे गंजाचा धोका उरतोच.

या दारावर टर्पेंटाइन दोन मिनिटांच्या वर ठेवलं नाही, फिल्मही नाही. चिकटा पूर्ण निघायला जास्त हात लागले. घाईने थिनर घेतला असता तर अख्खं दार रंगवायला गेलं असतं.

शनिवार, २५ जानेवारी

उद्या झेंडावंदन, पार्किंग दुपारपर्यंत रिकामं करून हवंय. म्हणून आज छोटी कामं.

पूर्ण गाडीवर नाही, फक्त पट्टीच्या जागेवर आणि दोन्ही बाजूंना वीतभर क्ले (रंगावरची घाण उचलणारी मऊ माती) फिरवली, शाम्पूचं पाणी भरपूर. चिकट्याचे न दिसणारे ठिपके क्लेला लागतात. हात सरकताना खरखर लागते, मग गुळगुळीत होतं. क्ले जमिनीवर पडली की फेकून द्यायची, धुऊन वापरायची नाही.

कटरच्या रेघा. कलर कोड गाडीवरच्या पाटीवर असतो. ती पाटी काही गाड्यांत बॉनेटखाली असते, काहींत दाराच्या चौकटीत. कोडवरून रंग मिसळून देणाऱ्या दुकानातून टच-अपची लहान बाटली आणि वेगळा क्लिअर. रेघ आयपीएने पुसून, टूथपिकच्या टोकाने रंग फक्त रेघेत. बाटलीतला ब्रश या कामाला फार जाड आहे. एकदा भरून वाळू द्यायचं, रंग आत बसतो, मग पुन्हा. क्लिअरमध्येच असलेल्या रेघांना रंग लावायचा नाही, नुसता क्लिअर. तिथे रंग घातला की केसाएवढी रेघ दोरीएवढी दिसते.

पेट्रोलच्या झाकणाजवळचा तपकिरी ठिपका टूथपिकने खरवडून, पुसून, रंग भरला.

शनिवार, १ फेब्रुवारी

सावली. पट्ट्या गेल्या, पण त्यांच्या जागी गडद, चकचकीत रेघा दिसतात, कारण तिथल्या रंगाने दहा वर्षं ऊन पाहिलेलं नाही.

पट्टीखालचा रंग चांगला आहे, आजूबाजूचा थकलाय. म्हणून पॉलिश सावलीवर मारायचं नसतं, तिच्या दोन्ही बाजूंना मारायचं. गॅरेजमधलं रबिंग बहुतेक वेळा उलटं होतं: रेघ दिसते म्हणून रेघेवरच मशिन दाबतात आणि तिथला क्लिअर उगाच उतरतो. कंपनीच्या क्लिअरचा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो. त्यात कितीदा घासायचं ते जपून ठरवायला हवं.

डीए पॉलिशर (फिरता-फिरता डोलणारं पॉलिश मशिन), मध्यम पॅड, हलकं पॉलिश. आधी उजव्या मागच्या दारावर फूटभर चौकोनात चाचणी. पॅड पांढुरकंच राहिलं, म्हणजे वर क्लिअर शाबूत आहे. पॅडला गाडीचा रंग लागला असता, तर एकतर रंग क्लिअरशिवायचा किंवा क्लिअर संपलेला. जुन्या साध्या पांढऱ्या-लाल गाड्यांवर हे सर्रास दिसतं.

चार-पाच फेऱ्यांत आजूबाजूची चमक वर आली आणि सावली सहा-सात फुटांवरून दिसेनाशी झाली. बॉनेटवर एक पायरी जास्त लागली, आधी कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश), मग पॉलिश. चाकाचा धुरकट पट्टा पहिल्याच फेरीत गेला. कडा आणि उठाव मास्किंग टेपने झाकले होते. रंगवलेल्या दारावर मशिन लावलं नाही. हाताने, मऊ पॅडने, दोनदा.

डिकीवरची क्रोम पट्टी आजच काढली. क्रोमचा वरचा थर आणि खालचं विनाइल वेगवेगळे सुटतात, त्यामुळे आधी आरसा निघतो आणि पांढरी फिल्म मागे राहते. दुसऱ्यांदा तापवून ती काढायची. पट्टी निघाली असं समजून त्या फिल्मवर टर्पेंटाइन लावत बसू नका.

कलत्या उन्हात, तिरकं बघितलं की डाव्या पुढच्या दारावर सावलीची एक कड अजून दिसते. मीटर तिथे ९८ दाखवतंय, शेजारी १०४. तिथेच थांबलो. उरलेली कड घालवायला अजून क्लिअर काढण्यात अर्थ नाही, दोन उन्हाळ्यांत ती आपोआप फिकी होईल.

रविवार, २ फेब्रुवारी

आयपीएत तेवढंच पाणी मिसळून पुसणं, मग सीलंट (रंगावरचा संरक्षक थर). टच-अप केलेल्या जागा सीलंटमधून वगळल्या, तो रंग नीट वाळायला महिना लागतो.

खर्च, रुपयांत: थर्मामीटर ८५०, जाडीचं मीटर २,२००, रबरी चाक ४५०, प्लास्टिक ब्लेड २५०, टर्पेंटाइन १८०, निलगिरी २५०, आयपीए २२०, क्ले ४५०, पॉलिश आणि कंपाउंड ९००, पॅड ६००, टच-अप ५५०, मायक्रोफायबर ३००. एकूण ७,२००. पॉलिशर मागून आणला होता, ड्रायर घरचा. पैसे वाचवायचे असतील तर मीटर कुणाकडून तरी आणा, थर्मामीटर मात्र विकतच घ्या. बॉनेटवर पट्टी नसेल तर चाकही लागत नाही.

रविवार, २२ जून

पाऊस सुरू झाल्यावर टच-अप तपासलं. क्लिअरने भरलेल्या रेघा ठीक. डाव्या दाराचा पोपडा स्थिर, कड पसरलेली नाही. पेट्रोलच्या झाकणाजवळची रेघ मात्र फुगलीय, रंगाखालून तपकिरी डोकावतंय. टूथपिकने खरवडून गंज निघत नाही, तो पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत राहतो आणि वरून रंग घातला की आत वाढतो. आज रेघ पुन्हा उघडली, बारीक पॉलिश पेपरची चिंचोळी घडी करून पत्रा चमकेपर्यंत घासली, गंज बदलणारं द्रावण टूथपिकने लावलं. ते काळं पडून पूर्ण वाळलं की प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ थर, वर क्लिअर. पावसाळी हवेत प्रत्येक थराला एक दिवस द्यायचा. गाडी तोवर स्लॅबखालीच.